पप्पा म्हणतात बायो घेतलंस तर नीट काढायची, नाहीतर बायो घ्यायचंच नाही

पत्र थोडं कापून देतेय, नाव मुलीनेच छापू नका म्हणलंय.

"मॅडम, मी सांगोला तालुक्यातल्या एका गावात राहते. यंदा दहावी झाली, ८८ टक्के पडले. सायन्स दोनमध्ये सगळ्यात जास्त मार्क आहेत आणि मला आवडतो पण तोच विषय. आमची डाळिंबाची बाग आहे, मी बागेतल्या किड्यांचे फोटो काढत बसते, माझ्या मोबाईलमध्ये माणसांपेक्षा किडे जास्त आहेत असं मम्मी म्हणते. पप्पांचं म्हणणं असं की बायो घेतलंस तर डॉक्टरच व्हायचं, दोन वर्षं लातूरला क्लासला राहून नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) काढायची, आणि ते जमणार नसेल तर बायो घेऊच नको, मॅथ्स घे आणि कॉम्प्युटर कर. मामा म्हणतो बायो म्हणजे नुसतं पाठांतर, पोरींचा विषय. मला रक्त बघितलं की चक्कर येते, त्यामुळे डॉक्टर व्हायचं नाही. पण मग बायो घेऊन करायचं काय हे मला पण माहीत नाही, त्यामुळे पप्पांसमोर तोंडच उघडत नाही. बागेत तेल्या रोग पडला तेव्हा पान शाळेत मायक्रोस्कोपखाली बघायचं होतं पण लॅबला कुलूप असतं. मॅथ्स सोडू का? फॉर्म भरायचाय, लवकर सांगा."

अगं, घाईचं उत्तर आधी देते, बाकीचं निवांत वाच. बायो घे. मॅथ्स सोडू नकोस. लातूरला जायचं का नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आज या फॉर्मवर सोडवायची गरज नाही.

आपल्याकडे बायो आणि नीट हे दोन शब्द एकाच दमात बोलायची सवय लागलीय, त्यात तुझ्या पप्पांचा काही दोष नाही, गावात बायो घेतलेलं जे पोरगं नाव काढतं ते डॉक्टरच झालेलं असतं आणि ज्याचं नाव निघत नाही ते काय करतं हे कुणी विचारायला जात नाही. पण आकडे बघ. २०२५ ला देशभरातून साधारण २२ लाख मुलं नीटला बसली, आणि एमबीबीएसच्या जागा सगळ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी फीच्या म्हणशील तर निम्म्याच. म्हणजे सतरा-अठरा जणांत एक. बाकीच्या सतरा जणांनी पण बायोच घेतलं होतं ना? ती सगळी पोरं घरी बसलेली नाहीत. कुणी फार्मसीला आहे, कुणी अ‍ॅग्रीला, कुणी डेअरीच्या लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासतंय. फक्त त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत.

आता पाठांतराचं बघू, कारण मामाने बोललेलं तुझ्या डोक्यात बसलेलं दिसतंय. खोटं नाहीये ते पूर्ण, बायोमध्ये नावं भरपूर आहेत आणि अकरावीला वर्गीकरण आणि झुरळ सुरू झालं की तू मला शिव्या देशील. पण मी वर्गात एक प्रश्न टाकायचे, तो तू मामाला टाक. आईचा रक्तगट रिपोर्टमध्ये ओ, वडिलांचा ए, आणि मूल एबी, हे होऊ शकतं का? पाठ करणारा लगेच नाही म्हणतो, कारण ओ म्हणजे तिच्याकडे द्यायला बी नाहीच, आणि रिपोर्टमध्ये गडबड आहे म्हणून मोकळा होतो, घरोघरी या असल्या हिशोबावरून काय काय संशय घेतले जातात ते वेगळंच. खरं उत्तर आहे की होऊ शकतं, क्वचित पण होतं. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं जे तपासलं तर ओ सारखं दिसायचं पण ओ चं रक्त त्याला चालायचं नाही. झालं असं की ए आणि बी हे दोन्ही ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पदार्थच या माणसांच्या लाल पेशींवर नसतो. जनुकात बी असतो पण त्याला चिकटायला जागा नाही, म्हणून तो दिसत नाही, आणि पुढच्या पिढीत वडिलांकडून एच आला की लपलेला बी बाहेर येतो. त्याला जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात, भारतात दहा हजारांत साधारण एखाद्याचा असतो, आणि त्या माणसाला अ‍ॅक्सिडेंट झाला तर ब्लड बँकवाल्यांची झोप उडते कारण त्याला त्याच गटाचं रक्त लागतं. बारावीला आनुवंशिकतेच्या धड्यात तू तक्ते करशील तेव्हा हे आठव. तक्ता पाठ असणं लागतंच, पण मजा तक्ता कुठे मोडतो ते शोधण्यात आहे.

आणि पोरींचा विषय म्हणे. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची डिग्री घेऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या तर सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना पोरगी म्हणून घेतलंच नाही, त्या अडून बसल्या तेव्हा अटी घालून घेतलं. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींमधल्या श्वसनावर काम करून १९३९ ला डॉक्टरेट. भारतात परत आल्यावर नीरेवर काम केलं, ताडाच्या झाडाची नीरा, कुपोषित पोरांना काय देता येईल या अंगाने. मामाला एवढं पुरे.

आता रक्ताचं. तुला रक्त बघून चक्कर येते हे कारण पप्पांना अजिबात सांगू नकोस, कारण ते टिकणार नाही. रक्त दिसलं की काही लोकांत व्हेगस नावाचा मज्जातंतू जरा जास्तच जोरात काम करतो, हृदयाचे ठोके मंदावतात, बीपी खाली येतं, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि माणूस खाली बसतो. याचा धाडसाशी संबंध नाही आणि ते बऱ्याचदा सवयीने जातं, मांड्या-दंड घट्ट आवळून धरले तरी फरक पडतो, बीपी वर राहतं. मेडिकलला पहिल्या वर्षी पडलेली आणि आज आरामात ऑपरेशन करणारी माणसं मला माहीत आहेत. पप्पांनी कुणाला विचारलं आणि त्यांना हे कळलं की तुझा सगळा मुद्दा गेला. तुझं खरं कारण वेगळं आहे, ते तुझ्याच पत्रात आहे, तुला लिहिताना कळलं नसेल एवढंच. तुला पान मायक्रोस्कोपखाली बघायचं होतं.

तेल्याचं मी सांगते तुला, कारण यात सगळं येतं. पानावर आधी तेलाचा थेंब पडल्यासारखा ओलसर डाग, मग तो काळपट होतो, फळावर डाग वाढून फळ तडकतं, तुला हे पाठ असेल. हा रोग बॅक्टेरियाचा आहे, बुरशीचा नाही. म्हणूनच नुसतं बुरशीनाशक कितीही मारलं तरी तो हलत नाही, आणि म्हणूनच तुझे पप्पा कॉपरबरोबर स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी टाकत असतील. ते अँटिबायोटिक आहे, म्हणजे माणसाला देतात त्याच जातीचं औषध. आणि ऊठसूट तेच मारत राहिलं तर त्याला दाद न देणारे जे चार बॅक्टेरिया असतात तेच उरतात, तेच वाढतात, आणि दोन-तीन हंगामांनी शेतकरी म्हणतो दुकानदाराने माल डुप्लिकेट दिला. काही वेळा देतो पण! पण बऱ्याचदा ती उत्क्रांती असते, दहावीला तू जी चार मार्कांसाठी लिहिलीस तीच. रोग पावसाच्या थेंबाबरोबर उडून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून मृग बहाराला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या फुलोऱ्याला, तो झोडपतो आणि म्हणून तेल्याच्या पट्ट्यात हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाचा, धरा असं सांगतात.

आता पान बघायचं कसं ते. डाग नुकताच पडलाय असं पान घे, वाळलेलं नको. डागाची कड आणि थोडा हिरवा भाग असा बारीक तुकडा ब्लेडने काप, स्वच्छ काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेव, वर कव्हर स्लिप, आणि कमी पॉवरवर कापलेल्या कडेवर नजर ठेव. बॅक्टेरिया असतील तर त्या कडेतून धुरासारखा पांढुरका लोट पाण्यात येताना दिसतो. बुरशीचा डाग असेल तर असा लोट येत नाही, धागे किंवा बीजाणू दिसतात. बास, एवढंच, वनस्पती रोगवाले लोक पहिल्यांदा हेच करून बघतात, मग पुढच्या टेस्ट. लॅबला कुलूप असेल तर सरांना गाठून एक अर्धा तास मागून घे, पान बरोबर घेऊन जा, मोकळ्या हाताने गेलीस तर उद्या ये म्हणतील. ते नाहीच जमलं तर फोल्डस्कोप म्हणून कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप मिळतो, मनु प्रकाश नावाच्या आपल्याच माणसाने अमेरिकेत स्टॅनफर्डला तयार केलाय, १४० पट मोठं दिसतं, मोबाईल लावून फोटो पण काढता येतो. आणि तुझे किड्यांचे फोटो आयनॅचरलिस्ट नावाच्या साइटवर टाकत जा, जगभरातले जाणकार ओळख सांगतात, तारीख आणि जागेसकट नोंद राहते. एका बागेतली दोन वर्षांची नीट नोंद म्हणजे किती मोठी गोष्ट आहे हे तुला पुढे कळेल.

तर आता, बायो घेऊन करायचं काय. मी यादी देत बसत नाही, याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर ढिगाने फिरतात, बारावीनंतर शंभर करिअर वगैरे. तुझ्यासारखीला काय बसेल ते सांगते.

पहिलं अ‍ॅग्री. नाक मुरडू नकोस, शेतात राबायला नाही सांगत. बीएस्सी अ‍ॅग्री चार वर्षं, प्रवेश राज्याच्या सीईटी परीक्षेवर, राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं आणि त्यांची कॉलेजं. शेतकऱ्याच्या पोरांना सातबाऱ्यावर जादा वेटेज असतं, त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट बघून घे. तिथून पुढे प्लांट पॅथॉलॉजी म्हणजे रोगशास्त्र किंवा एन्टोमॉलॉजी म्हणजे कीटकशास्त्र, यात एमएस्सी. तुझ्या बागेतला भगवा वाण आहे ना, तो राहुरीच्या विद्यापीठाने दिला. त्याच्या आधीचा गणेश १९३६ च्या सुमाराला पुण्यात गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमांनी निवडून काढला. तुमच्या घरात जो पैसा आला तो अशा माणसांच्या डोक्यातून आलाय, पप्पांना हे एकदा सांगून बघ. आणि सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तुझ्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. सगळ्या देशाचं डाळिंबाचं केंद्र तुझ्याच जिल्ह्यात आणि तू विचारतेस बायो घेऊन कुठे जाऊ!

दुसरं, निव्वळ सायन्स, म्हणजे संशोधन. पुण्याला आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था आहे, २००६ पासून, बारावीनंतर थेट पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स, देशात अशा सात आहेत. त्यांची स्वतःची परीक्षा असते आयएटी, ६० प्रश्न, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो प्रत्येकी १५. आता कळलं का मी मॅथ्स सोडू नको का म्हणते? मॅथ्स नसलेली मुलं ही परीक्षा देऊ शकतात, पण १५ प्रश्न हातचे जातात, आणि परीक्षेचं सोड, आजचं बायो मॅथ्सशिवाय चालतच नाही. एका फवारणीने तेल्या कमी झाला की त्या वर्षी पाऊसच कमी होता हे ठरवायला स्टॅटिस्टिक्स लागतं. जीनोमचं काम म्हणजे अर्धं कॉम्प्युटरवरच असतं. म्हणजे पप्पा म्हणतात ते कॉम्प्युटर आणि तू म्हणतेस ते बायो, हे दोन्ही एकाच टेबलावर बसतात, त्यांना बायोइन्फॉर्मॅटिक्स ऐकवून बघ, नाव ऐकूनच निम्मे खूष होतील.

पुण्यात नुसतं फिरलीस तरी कळेल बायोवाले कुठे कुठे असतात. विषाणूंची राष्ट्रीय संस्था एनआयव्ही, १९५२ ची, कोरोनात रोज पेपरात नाव यायचं ती. आघारकर संस्था, जिथून गव्हाचे आणि सोयाबीनचे एमएसीएस वाण येतात. पेशींवर काम करणारी एनसीसीएस. मांजरीला द्राक्षांचं केंद्र, तिथली लॅब फवारणीच्या औषधांचे अंश तपासण्यात देशात वरची धरतात. मांजरीलाच वसंतदादा शुगर. लस करणारी सीरम तर आहेच. या सगळीकडे पांढरा कोट घातलेली माणसं आहेत आणि त्यातले बरेच जण डॉक्टर नाहीत.

तिसरं, जनावरं आवडत असतील तर व्हेटर्नरी. माणदेशात खिलार बघत वाढलेल्या पोरीला हे सुचलं कसं नाही याचं मला नवल वाटलं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, नागपूरच्या माफसू या पशुविद्यापीठाखाली कॉलेजं आहेत, तुला जवळचं म्हणजे शिरवळ. पण याला नीट लागते, आणि रक्त पण भरपूर बघावं लागतं, म्हशीचं चालत असेल तर बघ बाई. मत्स्यशास्त्र म्हणजे फिशरीज पण आहे, रत्नागिरीला शिरगावला, उदगीरला, नागपूरला. दुष्काळी भागातली पोरं तिकडे जात नाहीत कारण कुणी सांगतच नाही. आणि जंगल खात्यात जायचं असेल तर बॉटनी-झूऑलॉजीची साधी पदवी पण वनसेवेच्या परीक्षेला चालते, एमपीएससीची पण आणि यूपीएससीची पण.

मायक्रोबायोलॉजीबद्दल जरा थांबून सांगते कारण ग्रामीण भागात ही वाट मला सगळ्यात व्यवहारी वाटते. बीएस्सी मायक्रो आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजातसुद्धा मिळतं, आणि नोकऱ्या पुण्या-मुंबईलाच आहेत असं नाही. दूध संघ, साखर कारखान्याची डिस्टिलरी जिथे मळीवर यीस्ट सोडून इथेनॉल काढतात, पाणी तपासणी, औषध कंपन्यांची क्वालिटी, टिश्यू कल्चरच्या लॅब. जळगावच्या जैनची टिश्यू कल्चरची रोपं तुमच्याकडे कुणी ना कुणी लावली असतीलच, ती रोपं बाटलीत वाढवणारे हात बायोवाल्यांचे.

आता कडू ते पण सांगते नाहीतर तू म्हणशील मॅडमने नुसतं गुलाबी दाखवलं. साधी बीएस्सी करून, कॉलेजला न जाता, प्रॅक्टिकलच्या वह्या दुसऱ्याच्या उतरवून जी मुलं बाहेर पडतात त्यांना सुरुवातीला जो पगार सांगतात तो ऐकून तोंड वाकडं होतं. बायोमध्ये बीएस्सी ही शेवटची पायरी नाही, ती सुरुवातीची आहे, पुढे एमएस्सी किंवा एखादं हातातलं कसब लागतंच. मास्तरकी करायची तर भरती कधी निघते आणि संस्थेत काय काय मागतात ते तुला गावात कुणीही सांगेल. संशोधनात वर्षं जातात, पंचविशी उलटते तरी शिक्षण चालूच असतं आणि नातेवाईक लग्नाचं विचारून जीव नकोसा करतात. मात्र पप्पांना एक आकडा सांग, नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा निघाली की पीएचडी करताना महिन्याला ३७ हजार फेलोशिप मिळते, वर घरभाडं वेगळं. म्हणजे पैसे भरून शिकायचं नाही, शिकायचे पैसे घ्यायचे. हे बऱ्याच आईबापांना माहीतच नसतं.

लातूरचं. लातूरला शिकवतात चांगलं, त्यात वाद नाही, आणि तुला नीट द्यायचीच असती तर मी जा म्हणले असते. पण ज्या पोरीला नीट नकोय तिने हॉस्टेल, मेस, क्लास मिळून बापाचे लाखो रुपये घालवायचे आणि दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ एमसीक्यू सोडवायचे, याला मी नाहीच म्हणणार. त्यापेक्षा मला राग येतो तो इंटिग्रेटेड नावाच्या प्रकाराचा, हा सगळ्या जिल्ह्यांत आहे, अ‍ॅडमिशन एका कॉलेजला कागदावर आणि पोरं दिवसभर क्लासमध्ये. बारावीला बायोचे १०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे, ते न करताच पडतात. अशी मुलं नीटला ३६० पैकी ३०० च्या वर बायोत काढतात आणि कांद्याच्या मुळाची स्लाइड कधी केलेली नसते. साधं काम आहे ते, कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवायचा, मुळं फुटली की टोक कापायचं, अ‍ॅसिडमध्ये जरा मऊ करायचं, अ‍ॅसिटोकार्मिन टाकून कव्हर स्लिपवर अंगठ्याने दाबायचं, आणि हलवायचं नाही हं, नुसतं सरळ खाली दाबायचं, मग लाल रंगलेली गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी असलेली दिसतात. पहिल्यांदा दिसली की वर्गात एकदम गलका होतो. तो गलका पैसे भरून घेतलेल्या टेस्ट सिरीजमध्ये होत नाही.

नीट द्यायचीच नाही असं मात्र म्हणू नकोस. बारावीला बायो आहेच, अभ्यास होणारच आहे, पेपर मराठीत पण मिळतो. देऊन ठेव. व्हेटर्नरीलाच नाही तर फिजिओथेरपीला, बीएएमएसला पण तोच स्कोअर लागतो आणि सतरा वर्षांच्या पोरीने एखादं दार कायमचं बंद करायची काही घाई नाही. पप्पांशी तोड इथेच निघते बघ. तू म्हण, मी नीट देते, सीईटीचे पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) आणि पीसीएम (बायोच्या जागी मॅथ्स) दोन्ही ग्रुप देते, आयएटी पण देते, पण घरी राहून, रिपीट करणार नाही, आणि कुठे जायचं ते निकाल बघून दोघं मिळून ठरवू. रिपीटचं आधीच बोलून घे, स्पष्ट. पोरं सगळ्यात जास्त तिथे अडकतात, एक वर्ष, मग अजून एक वर्ष, आणि मग घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

पप्पांना भीती कसली आहे ते पण समजून घे. पोरगी दोन वर्षं शिकून हातात काही न घेता परत येईल याची भीती आहे त्यांना, आणि बागेला एक वर्ष तेल्या, एक वर्ष मर रोग, एक वर्ष भाव नाही असं बघितलेल्या माणसाला खात्रीचं काहीतरी हवं असतं. डॉक्टर हा शब्द त्यांना खात्रीचा वाटतो. तेव्हा "मला आवडतं" एवढ्यावर थांबू नकोस, कागद दाखव. मुलींसाठी राज्याचा २०२४ चा निर्णय आहे, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. बाकीच्या प्रवर्गांच्या योजना आधीपासून आहेतच. अ‍ॅग्री त्यात बसतं, फार्मसी बसते. दाखले आत्तापासून काढायला टाक, उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेअर, बारावीच्या निकालानंतर तहसीलला जी झुंबड असते ती बघवत नाही. आणि केगावला पप्पांना घेऊनच जा, तू एकटी नको. डागाची पानं न्या, बागेचं विचारायला म्हणून न्या, ते येतील, शेतकरी तिथे जातातच. बागेचं बोलून झालं की तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञ बाईंना विचार त्या इथवर कशा आल्या. पप्पा शेजारी उभे असतील, आपोआप ऐकतील.

फॉर्मचं राहिलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये तुला सायन्स टाकायचंय, ग्रुप कॉलेजला गेल्यावर ठरतो, तिथे पीसीएमबी सांगायचं, बायो आणि मॅथ्स दोन्ही. काही ठिकाणी क्लार्कच पोरींना सांगतो की झेपणार नाही, एक सोड, त्याचं ऐकायचं नाही. क्रॉप सायन्स हा व्यावसायिक विषय घे म्हणजे मार्क पडतील असं पण कुणी सांगेल, मार्क पडतात खरे, पण त्यासाठी भाषेबरोबर अजून एक विषय सोडावा लागतो आणि सुटतो तो बहुतेक वेळा मॅथ्सच, तेव्हा नको. कॉलेज निवडताना निकालाचा बोर्ड बघू नकोस, अकरावीच्या मुलींना गाठून तीनच गोष्टी विचार, बायोचे सर पूर्णवेळ आहेत का तासावरचे, प्रॅक्टिकल आठवड्याला खरंच होतात का, आणि मायक्रोस्कोप किती चालू आहेत. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात बायो ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेचं, एनएसईबीचं, सरांना विचारून ठेव, परीक्षा नोव्हेंबरात असते, कॉलेजात सेंटर नसेल तर सोलापूर-पंढरपूरला कुठे आहे ते तेच शोधून देतील.